एक चौकोन, दोन ठेके

कोल्हापुरातल्या एका दादांनी विचारलंय: "आम्हा दोघांची वयं ४८ आणि ४५. डिसेंबरात लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. कार्यक्रमात आम्ही दोघांनी बॉलरूम डान्स करायचाच, असा लेकीचा हट्ट आहे. गणपतीच्या मिरवणुकीपलीकडे आम्ही कधी नाचलेलो नाही. मोबाइलवर वॉल्ट्झ, टँगो, सालसा, जाइव्ह असं काय काय दिसतं. त्यातलं आम्हाला कुठलं झेपेल? साडीवर जमतं का? हातात सहा महिने आहेत. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटते."

दादा, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. स्लो वॉल्ट्झ घ्या आणि त्याच्या जोडीला रुंबा. दोन्हींची सुरुवात जमिनीवरच्या एकाच चौकोनाने होते. पावलं तीच, फरक मोजणीत. एकाच मेहनतीत दोन नाच पदरात पडतात. टँगोचं पुढच्या वर्षी बघू. जाइव्ह गुडघ्यांना विचारून ठरवा. सालसा लेकीला आणि तिच्या मैत्रिणींना करू दे. तसाही तो बॉलरूमच्या दहा नाचांत मोडत नाही.

हे दहा कोणते, ते एकदा समजून घ्या, म्हणजे व्हिडिओ बघताना गोंधळ होणार नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन गट आहेत. स्टँडर्ड गटात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. लॅटिन गटात चा चा चा, सांबा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. स्टँडर्डमध्ये जोडी एकमेकांना न सोडता अख्ख्या हॉलला फेरी मारते, तीही घड्याळाच्या उलट्या दिशेनं. सगळे एकाच दिशेनं फिरतात म्हणून टक्कर होत नाही. लॅटिनमध्ये हात सुटतात, पुन्हा धरले जातात आणि बराचसा नाच जागच्या जागी होतो. सांबा आणि पासो डोब्ले तेवढे हॉलभर फिरतात. अमेरिकेत याचीच निराळी वाटणी आहे, स्मूथ आणि ऱ्हिदम अशी. तुम्हाला मी सुचवतेय तो रुंबा या अमेरिकन ऱ्हिदमवाल्यांचा. आंतरराष्ट्रीय रुंबात मुख्य पाऊल दुसऱ्या ठोक्यावर पडतं. पहिला ठोका सोडून दुसऱ्यावर पाय टाका असं नवख्या माणसाला सांगितलं की तो हमखास गडबडतो.

या सगळ्याला शिस्त लावली ती इंग्रजांनी. नाच आले कुठून कुठून: ऑस्ट्रिया, अर्जेंटिना, क्युबा, ब्राझील, न्यूयॉर्क. पण पहिल्या महायुद्धानंतर जाझच्या तालावर तरुण पोरं वाट्टेल तसं नाचायला लागली, तेव्हा लंडनच्या शिक्षकांनी बसून पावलं लिहून काढली. तिथल्या नृत्यशिक्षकांची संस्था १९०४ पासून होती. तिनं १९२४ मध्ये बॉलरूमसाठी वेगळी शाखा काढली. ब्लॅकपूलची स्पर्धा १९२० पासूनची. म्हणून आजही पावलांची नावं इंग्रजी आहेत. नॅचरल टर्न म्हणजे उजवीकडे वळणं, रिव्हर्स टर्न म्हणजे डावीकडे. शिक्षकाच्या तोंडून हे शब्द आले तर दचकू नका.

आता मूळ मुद्दा. मिरवणुकीत आपण दोन्ही पायांवर नाचतो. हलगी कडाडली की हात वर जातात, गुडघ्यांत उसळी येते आणि वजन दोन्ही पायांत वाटलेलं असतं. गर्दीत तेच बरोबर, नाहीतर एका धक्क्यात माणूस आडवा होईल. बॉलरूममध्ये मात्र वजन एका वेळी एकाच पायावर असतं आणि दुसरा पाय मोकळा. मोकळा पाय पुढचं पाऊल टाकणार. जो माणूस दोन्ही पायांवर उभा आहे, त्याला पुढचा पाय कुठला हे स्वतःलाच ठाऊक नसतं. मग जोडीदाराला काय कळणार? नव्या जोड्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. पाय तुडवला जातो तो चुकीची स्टेप पडली म्हणून क्वचितच. वजन मधेच अडकलेलं असतं, म्हणून तुडवला जातो. शाळेत लेझीम खेळलेली माणसं माझ्याकडे पटकन शिकतात, कारण लेझमीत मोजणीबरोबर वजन पूर्ण पलटायची सवय लागलेली असते. तुम्ही खेळला असाल तर अर्धं काम झालंय.

चौकोन असा. घरच्या टाइल्सवर उभे राहा, सांध्याच्या रेषा दिसतील अशा जागी. आधी एकट्यानं करा, वहिनींनी दुसऱ्या खोलीत. डावा पाय सरळ पुढं. उजवा पाय पुढच्या रेषेवर येऊन उजवीकडे. डावा पाय त्याच्या शेजारी आणून मिटवा. मग उजवा पाय सरळ मागं, डावा मागच्या रेषेवर डावीकडे, उजवा त्याच्याशेजारी मिटवा. झालात पूर्वीच्या जागी. वहिनींचं आरशात दिसावं तसं उलट: उजवा मागं, डावा बाजूला, उजवा मिटवा, डावा पुढं, उजवा बाजूला, डावा मिटवा. पाऊल लहान टाका, आपल्याच पायाच्या लांबीएवढं. मोठी पावलं टाकली की नाच मोठा दिसतो असं पुरुषांना उगीच वाटतं.

गोम तिसऱ्या पावलात आहे. पाय मिटवला की आपल्याला वाटतं, झालं, थांबलो. पण मिटवलेल्या पायावर वजन टाकायचं असतं, म्हणजे दुसरा मोकळा होतो. वजन टाकलं नाही तर पुढच्या एकला पुन्हा तोच पाय निघतो आणि चौकोन तिथंच मोडतो. स्वतःला तपासायचं असेल तर प्रत्येक तीनला थांबा आणि दुसरी टाच उचलून बघा. सहज उचलली तर वजन पोचलंय. तोल गेला तर नाही पोचलेलं.

मोजणीची मात्र काळजी करू नका. गाण्याबजावण्यासाठी नावाजलेल्या देवल क्लबच्या गावात दादरा आणि केरवा हे ताल कुणाला शिकवायला लागतात काय! दादऱ्याच्या सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झ तीन-तीन ठोक्यांचा. चौकोनाची पावलं सहा. म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन झालं की तुमचा एक चौकोन पुरा होतो. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, डावा पाय पुढं; 'खाली'च्या, म्हणजे चौथ्या मात्रेला उजवा मागं. इंग्रजी एक-दोन-तीन मोजत बसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला हे सांगितलं आणि त्याचे ओठ हलायचे थांबले. तो भजनी मंडळात तबला वाजवायचा, म्हणजे ताल त्याच्याकडे होताच. तो पायाशी जोडायचं तेवढं राहिलं होतं.

रुंबात तोच चौकोन केरव्यावर बसतो. मोजणी स्लो, क्विक, क्विक. स्लोला दोन मात्रा, दोन्ही क्विकना एकेक. अर्धा चौकोन चार मात्रांचा, पुरा आठांचा, आणि केरवाही आठांचाच. पुढचं पाऊल समेवर सावकाश, दोन मात्रा खाऊन. बाजूला आणि मिटवणं झटपट. मग पाचव्या मात्रेला, म्हणजे केरव्याच्या 'खाली'ला, मागं जायचं. एक सावधगिरी घ्या: गाण्यात ठेका बऱ्याचदा दुप्पट लयीत वाजत असतो. तेव्हा दोन आवर्तनांत एक चौकोन धरा, नाहीतर दमछाक होईल. दादऱ्याचंही तेच. जलद दादरा घेतलात तर तो वॉल्ट्झ राहत नाही, व्हिएनीज होतो. स्पर्धेतला स्लो वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट, वॉल्ट्झमध्ये तीनांचा), म्हणजे ८४ ते ९० ठोके. व्हिएनीज ५८ ते ६० बार, जवळजवळ दुप्पट. तुम्ही ७५ ते ८० ठोक्यांच्या आसपास सुरू करा. मोबाइलवर गाण्याचा वेग कमी करता येतो, सूर न बिघडवता.

गाणं इंग्रजीच हवं असं अजिबात नाही. जुनी हिंदी गाणी काढून ऐका. पन्नास-साठच्या दशकांतल्या कितीतरी गाण्यांत वॉल्ट्झ आणि रुंबाचे ठेके सापडतात. त्याचं कारण गोव्याची माणसं. मुंबईतल्या हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. बॉलरूमला वाजणारे ठेके त्यांच्या हातात मुरलेले होते, ते गाण्यांत उतरले. तेव्हा तुमच्या लग्नाच्या सुमाराचं नको, आई-वडिलांच्या आवडीचं एखादं गाणं काढा. पाहुण्यांत त्या वयाची मंडळी असतीलच, त्यांचे पाय आपोआप हलतील.

वॉल्ट्झचं रूप येतं ते चढउतारातून. एकला गुडघा सैल आणि टाच आधी टेकते; एकच्या शेवटी शरीर वर उचलायला लागतं, दोन-तीनला चवड्यांवर, आणि तीनच्या शेवटी पुन्हा खाली. पण पहिले दोन महिने हे करूच नका. चपट्या पायांनी चौकोन पक्का होऊ दे. मी काही क्लासमध्ये पहिल्याच दिवशी चवड्यांवर चढवलेली जोडपी बघते. पोटऱ्या दुखून ती दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत. रुंबात कमरेचं तसंच. कंबर मुद्दाम हलवायची नसते. वाकवलेल्या गुडघ्यानं पाऊल टाकून मग त्यावर वजन देत गुडघा सरळ केला की कंबर आपसूक त्या बाजूला जाते. लावणी बसवलेल्या बायकांना हे मी दाखवायच्या आधीच जमतं. पुरुष मात्र आधी खांदे हलवतात आणि मग विचारतात, मॅडम, बरोबर आहे ना?

आता धरणं. तुमच्या डाव्या हातात वहिनींचा उजवा हात, साधारण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. तुमचा उजवा तळवा त्यांच्या डाव्या खांद्याच्या पाठीमागच्या हाडावर. कमरेवर नाही, सिनेमात कमरेवर असतो, वर्गात नसतो. त्यांचा डावा हात तुमच्या दंडावर. आणि दोघांनी अगदी समोरासमोर उभं राहायचं नाही. वहिनी तुमच्या किंचित उजव्या बाजूला, म्हणजे तुमचा उजवा पाय त्यांच्या दोन पावलांच्या मधे जाईल आणि कुणाची बोटं चिरडणार नाहीत. दोघांची नजर आपापल्या डावीकडे, जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे. एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाचायचं ही कल्पना सोडा. पायांकडे तर मुळीच बघू नका.

लाजेचं उत्तर यातच आहे. या धरण्यात दोघांच्या मधे व्यवस्थित अंतर ठेवता येतं, सासूबाईंसमोर नाचलात तरी कुणाची मान खाली जाणार नाही. आणि लाजणारे तुम्ही पहिले नाही. १८१६ मध्ये लंडनच्या राजदरबारी मेजवानीत वॉल्ट्झ झाला तेव्हा 'टाइम्स'नं असभ्य परदेशी नाच म्हणून अग्रलेखातून झोडपलं होतं. आज तोच नाच गोव्यात नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला आजी-आजोबांसमोर होतो. क्लास लावताना मात्र एक विचारून घ्या. बऱ्याच वर्गांत दर थोड्या वेळानं जोडीदार बदलतात. शिकायला ते चांगलं असतं, पण तुम्हाला नको असेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगा. माझ्याकडे नवरा-बायकोनं एकमेकांबरोबरच नाचायचं ठरवलं तर मी मोडता घालत नाही.

लीड म्हणजे काय, हे सांगायला एका जोडप्याचं उदाहरण देते. आमच्या रविवारच्या बॅचला गुळाचा व्यापार असलेले एक काका यायचे. हात दणकट. चौकोन एकट्यानं उत्तम, पण काकूंना धरलं की सगळं बिघडायचं. मी जवळ जाऊन बघितलं. मागं जायची वेळ आली की काकांचा उजवा तळवा काकूंची पाठ आपल्याकडे ओढायचा आणि पुढं जाताना डावा हात त्यांच्या हाताला रेटा द्यायचा. काकूंची बोटं पांढरी पडलेली, डावा खांदा कानाला लागलेला. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो ढकलू नका, सांगा." इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या परीक्षेच्या पुस्तकात सापडली नाही. मग मी त्यांना नेहमीचं धरणं सोडायला लावलं. दोघांनी एकमेकांच्या कोपरांखाली हात धरायचे, काकूंनी डोळे मिटायचे आणि काकांनी फक्त चालायचं: चार पावलं पुढं, चार मागं, मधेच थांबायचं. बोलायचं नाही, दंडाची ताकद लावायची नाही. छाती आधी निघाली आणि पाय तिच्या मागोमाग गेला, की समोरच्याला कळतं. काकांची छाती निघायच्या आधी हात निघत होता, एवढंच होतं. एका तासात काकूंचा खांदा खाली आला. हाच व्यायाम तुम्ही घरी रोज करा, गाण्याशिवाय सुद्धा. आणि वहिनींना सांगा, नवरा कुठं जाणार ते ओळखून आधीच पाऊल टाकायचं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ही सवय लागलेली असते, ती नाचात आड येते.

बाकीच्या नाचांबद्दल थोडक्यात. टँगोचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या बंदरांतला. २००९ मध्ये युनेस्कोनं अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांच्या नावे त्याला वारशाच्या यादीत घेतलं. मोबाइलवर दिसतात ते दोन वेगळे टँगो. अर्जेंटिनाचा टँगो जवळच्या मिठीतला, आयत्या वेळी सुचेल तसा नाचला जाणारा. बॉलरूमचा टँगो झटक्यांचा, मान वळवण्याचा. त्यात चढउतार नाही. तालमीतला पैलवान पवित्रा घेऊन उभा राहतो तसे गुडघे शेवटपर्यंत वाकलेले आणि वजन जमिनीत. खासबाग मैदानात बसून कुस्त्या बघणाऱ्यांना हे उभं राहणं नवीन नाही, पण त्याच उंचीवर तीन मिनिटं राहायला मांड्या लागतात. म्हणून पुढच्या वर्षी.

व्हिएनीज वॉल्ट्झ दिसायला सर्वांत देखणा, शिकायला पावलं सर्वांत कमी, आणि तरी तुम्हाला नको. सतत गरगर फिरणं आहे. चक्कर, रक्तदाब, मानेचा त्रास यातलं काही असेल तर लांबच राहा. फॉक्सट्रॉट १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये निघाला आणि त्याचं नाव हॅरी फॉक्स या रंगमंचावरच्या कलाकाराशी जोडलं जातं. स्पर्धेतला स्लो फॉक्सट्रॉट मला स्वतःला दहांत सर्वांत आवडतो आणि तोच सर्वांत अवघड आहे, कारण त्यात पाय जवळजवळ कुठं मिटतच नाहीत, दोष लपवायला जागाच नाही. पण त्याचंच साधं रूप, सोशल फॉक्सट्रॉट, स्लो-स्लो-क्विक-क्विक, चालता येणाऱ्या कुणालाही जमतं. वॉल्ट्झला दोन महिन्यांत कंटाळलात तर हा घ्या. क्विकस्टेप मिनिटाला ५० बारांच्या पुढचा, उड्यांचा; टीव्हीवर बघायला छान.

लॅटिनमध्ये चा चा चा हा रुंबानंतरचा नैसर्गिक टप्पा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला क्युबाचे व्हायोलिनवादक एन्रिके होर्रीन यांनी तो ठेका रूढ केला. दोन पावलं आणि मग तीन झटपट, नाव घेतलं की मोजणी झाली. लग्नघरात सर्वांत लवकर रंगतो तो हाच. सांबात सतत गुडघ्यांची लवचीक उसळी. पासो डोब्लेत पुरुष म्हणजे बैलांशी झुंजणारा आणि बाई बहुतेक वेळ त्याच्या हातातलं कापड. नाटक जास्त, घरगुती कार्यक्रमाला बरं दिसत नाही. जाइव्ह अमेरिकन सैनिकांबरोबर दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला पोचलेल्या स्विंगमधून घडला. मागं टेकून दोन पावलं, मग बाजूला तीन-तीनचे दोन झपाटे, मिनिटाला ४२ ते ४४ बार. मजा याच्याइतकी कुठल्याच नाचात नाही, पण पोटऱ्या आणि गुडघे बोलायला लागतात. जिना उतरताना गुडघा कुरकुरत असेल तर संथ गाण्यावर, उडी न घेता करा.

साडीवर जमतं. पण सहावारीत मागं जाणारं पाऊल हीच मुख्य अडचण, आणि वॉल्ट्झमध्ये वहिनींचं पहिलंच पाऊल मागं आहे. टाच काठावर पडते, निऱ्या ओढल्या जातात, पुढचं सांगायला नको. म्हणून साडी घोट्याच्या किंचित वर नेसायची, निऱ्या आतून पिन लावून पक्क्या, पदर खांद्यावर घड्या घालून पिन केलेला. मोकळा पदर तुमच्याच उजव्या हातात अडकतो. जड पैठणीपेक्षा हलकी, घसरती नसलेली साडी बरी. खरं म्हणजे नऊवारी सर्वांत सोयीची. कासोट्यामुळं पाय मोकळे, रुंबा आणि जाइव्हला तर उत्तमच. पण वॉल्ट्झला नऊवारी लोकांना चमत्कारिक वाटते म्हणून कुणी नेसत नाही. माझं मत विचाराल तर नेसा. कुठलीही नेसा, पण ती नेसून आधी चार-पाच वेळा सराव झालाच पाहिजे.

पायांत काय? कोल्हापुरी चप्पल जगात भारी, नाचायला नाही. मागं पट्टा नसतो, उलट्या पावलाला ती जागेवर राहते आणि माणूस मागं निघून जातो. स्पोर्ट्स शूज तर त्याहून वाईट: रबरी तळ फरशीला चिकटतो, शरीर वळतं, पाय वळत नाही आणि पीळ गुडघ्यात बसतो. पुरुषांना चामड्याच्या तळाचे साधे बूट पुरतात. खास डान्स शूजचा तळ स्वेडचा, म्हणजे मऊ खरबरीत चामड्याचा असतो. महाग पडतात, आणि रस्त्यावर घातले की संपले. त्यापेक्षा चप्पल लाइनमध्ये एखाद्या कारागिराला गाठून जुन्या बुटाला चामड्याचा तळ लावून मिळतो का विचारा. वहिनींना दोन इंचांच्या आतबाहेरची, जाडसर टाचेची आणि घोट्याला पट्टा असलेली सँडल. नवीन सँडल कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घालायची नाही.

फरशीकडे आत्तापासून लक्ष द्या. आपल्या मंगल कार्यालयांत ग्रॅनाइट नाहीतर गुळगुळीत टाइल्स, त्यावर कुणीतरी सरबत सांडलेलं. लॉनवर कार्यक्रम असेल तर टाच मातीत रुतते. स्टेजवर गालिचा असतो आणि गालिच्यावर वळता येत नाही. म्हणून हॉल ठरवतानाच विचारा, नाचायला पंधरा बाय पंधरा फूट मोकळी, कोरडी, गालिचा नसलेली जागा मिळेल का. चौकोनाला तेवढी भरपूर झाली. फरशीवर टाल्कम पावडर टाकायची आयडिया कुणी देईल; नको. तुमच्यानंतर पंगतीला जाणारी आजी घसरेल.

क्लास निवडताना, आपल्याकडे डान्स क्लास म्हटलं की झुंबा, बॉलिवूड आणि लग्नाच्या संगीतची कोरिओग्राफी. तिथं वाईट काही नाही, पण ती वेगळी चीज आहे. एकाच गाण्याची स्टेपमागून स्टेप पाठ करून घेतली की गाणं बदलल्यावर तुम्ही ठप्प. शिक्षकाला दोन गोष्टी विचारा. अनोळखी गाणं लावलं तर तुमचे विद्यार्थी नाचू शकतात का? आणि पुरुषाला लीड आणि बाईला फॉलो वेगवेगळं शिकवता का? उत्तर देताना ते अडखळले तर पुढचा क्लास बघा. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असा परीक्षांचा अभ्यासक्रम शिकलेला शिक्षक मिळाला तर चांगलंच. पण नुसत्या प्रमाणपत्राच्या फ्रेमवर जाऊ नका, त्याचे जुने विद्यार्थी नाचताना बघा.

सहा महिन्यांचं म्हणाल तर पावसाळा चौकोनात घालवा. आठवड्याला क्लासचे दोन तास आणि घरी रोज जेवणाआधी पंधरा मिनिटं, जेवणानंतर नको. रंकाळ्याला फिरायला जाता तेव्हा गाण्याच्या ठेक्यावर चाला, तेही कामी येतं. सप्टेंबरपर्यंत चौकोन न बघता, न मोजता आला पाहिजे. मग चौकोनच डावीकडे थोडा थोडा वळवायचा, चार अर्ध्या चौकोनांत पुरा फेरा होतो. ऑक्टोबरात वहिनींना हाताखालून फिरवायचं शिका. पाहुण्यांच्या टाळ्या त्यालाच पडतात. नोव्हेंबरात नवीन काहीही घ्यायचं नाही, फक्त साडी, बूट आणि खरा हॉल.

कार्यक्रमाच्या दिवशी डीजेला गाणं आधीच देऊन ठेवा, दोन मिनिटांवर कापलेलं, आणि वेग बदलायचा नाही असं बजावा. ही पोरं मधेच ढोल मिसळतात. गाणं सुरू झाल्या झाल्या निघू नका. दादऱ्याची दोन आवर्तनं जाऊ द्या, सम कानात बसू द्या, वजन उजव्या पायावर घ्या, मग डावा पाय पुढं. मधे चुकलं तर थांबून एकमेकांना समजावत बसू नका. पुढच्या समेला पुन्हा चौकोन धरा. लेकीला सांगून ठेवा, दुसरं गाणं रुंबाचं लावायचं आणि तेव्हा बाकीच्या जोड्यांना ओढून आणायचं. तोवर तुमच्यावरचे डोळे आपोआप कमी झालेले असतील.